कंपायलरवर आळ घेण्याआधी: साइन्ड-अनसाइन्ड कॅरचा घोळ शोधायची रीत

“सर, कंपायलरच गंडलाय.”

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये हे वाक्य अधूनमधून कानावर पडतंच. गेल्या वेळी ते ऐरोलीहून येणाऱ्या एका पोराच्या तोंडून आलं. एलईडी बोर्डाचं काम होतं. पीसीवरून नाव पाठवायचं, बोर्डाने ते दाखवायचं. रोमन लिपीतली वाशी, तुर्भे, रबाळे अशी सगळी नावं बिनतक्रार जात होती. देवनागरीत ‘ठाणे’ पाठवलं की मात्र बोर्ड पॅकेट परत फेकायचा. तोच कोड, तोच जीसीसी (सी भाषेचा कंपायलर), पीसीवर एक उत्तर आणि बोर्डावर दुसरं. तेव्हा दोष कंपायलरचाच असणार, असं पोराचं म्हणणं.

दोष कंपायलरचा नव्हता. पण कधीकधी तो खरंच कंपायलरचा असतो आणि मग ते सिद्ध करता येत नाही, कारण शोधायला सुरुवातच उलट्या टोकाकडून केलेली असते. आधी फ्लॅग (कंपायलरला द्यायचे पर्याय) बदलून बघायचे, मग व्हर्जन बदलून बघायचं, मग जिथे तिथे कास्ट (आकडा एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणं) टाकायचे. शेवटी लक्षण नाहीसं होतं, पण ते का झालं हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. तो मोडू नका.

नावांबद्दल एक: फ्लॅग आणि फंक्शनची नावं उच्चारतात तशी दिली आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा. ‘कॅर’ म्हणजे सी भाषेतला एका बाइटचा प्रकार: साइन्ड धरला तर त्यात -१२८ ते १२७ मावतात, अनसाइन्ड धरला तर ० ते २५५. त्याला बरेच जण ‘चार’ म्हणतात. मराठीत ‘चार’ म्हटलं की आकडा डोळ्यासमोर येतो, म्हणून मी कॅर म्हणतो.

## तयारी: हात लावण्याआधी काय जमवायचं

बिघडलेला कोड आहे तसा गिटमध्ये वेगळ्या ब्रँचवर ठेवा. “थोडं साफ करून ठेवतो” म्हणायचं नाही. साफ करताना बग पळून जातो आणि दोन दिवसांनी दुसरीकडे उगवतो.

कंपायलरचं पूर्ण व्हर्जन आणि पूर्ण कमांड लाइन एका फाइलमध्ये उतरवा. आयडीईत बटण दाबून बिल्ड करत असाल तर बिल्ड लॉगमधून खरी कमांड काढा. मेकफाइलमध्ये कुणीतरी तीन वर्षांपूर्वी टाकलेला फ्लॅग इथेच सापडतो.

बिघाड दाखवणारा सर्वांत छोटा इनपुट ठरवा. आमच्यासाठी तो ‘ठाणे’ हा एकच शब्द होता. इंग्रजी शब्द या कामाला कुचकामी आहेत. आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं ० ते १२७ मध्ये बसतात आणि तिथे साइन्ड-अनसाइन्डमध्ये काहीच फरक पडत नाही. टेस्टिंग इंग्रजीत आणि वापर मराठीत, हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं आहे.

शेवटचं म्हणजे दुसरं यंत्र. इंटेल-एएमडीचा पीसी हाताशी असेलच, त्याच्या जोडीला एखादा रास्पबेरी पाय घ्या. नसेल तर क्यूएमूवर (दुसऱ्या चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) एआरएमची, म्हणजे पायमधल्या चिपची बायनरी पीसीवरच चालवता येते.

## टप्पा १: कॅर साइन्ड आहे का, हे कंपायलरलाच विचारा

सी भाषेत कॅर, साइन्ड कॅर आणि अनसाइन्ड कॅर हे तीन वेगळे प्रकार आहेत. नुसता कॅर साइन्ड धरायचा की अनसाइन्ड, हे स्टँडर्डने कंपायलरवर सोडलं आहे. म्हणून एकाच कोडची दोन यंत्रांवर दोन उत्तरं आली आणि दोन्ही कंपायलर निर्दोष, असं घडू शकतं.

साधारण चित्र असं: इंटेल-एएमडीवर जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर कॅर साइन्ड धरतात. एआरएम लिनक्सवर, म्हणजे रास्पबेरी पायवरही, तो अनसाइन्ड असतो. ॲपलच्या एआरएम चिपवर मात्र साइन्ड. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर साइन्ड धरतो आणि ‘/जे’ हा पर्याय दिला की अनसाइन्ड. एव्हीआर चिपच्या आर्डुइनो उनोवर साइन्ड आणि एआरएम चिपच्या आर्डुइनो बोर्डांवर अनसाइन्ड, त्यामुळे एका बोर्डावरचं स्केच दुसऱ्यावर टाकणारे इथे हमखास पडतात.

ही यादी पाठ करू नका. लिमिट्स हेडरमधला ‘कॅर-मिन’ छापा. तो ० आला तर अनसाइन्ड, -१२८ आला तर साइन्ड. हे दोन्ही यंत्रांवर, तुमच्याच बिल्डमधल्या फ्लॅगांसह करा. वेगळा छोटा प्रोग्रॅम वेगळ्या फ्लॅगने बिल्ड करून आलेलं उत्तर इथे चालत नाही.

तपासणी: दोन यंत्रांवर दोन उत्तरं आली का? आली असतील तर बहुतेक कंपायलरचा काही संबंध नाही. तरी पुढचा टप्पा करा.

## टप्पा २: बाइट उघडे करून बघा

‘ठाणे’ यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) १२ बाइटांचा आहे. देवनागरी ब्लॉकमधल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना-मात्रा ही वेगळी चिन्हं आहेत. म्हणजे ठ, काना, ण, मात्रा अशी ४ चिन्हं. हेक्समध्ये:

ई० ए४ ए० · ई० ए४ बीई · ई० ए४ ए३ · ई० ए५ ८७

बाराच्या बारा बाइटांचा सर्वांत वरचा बिट १ आहे. अनसाइन्ड धरला तर ई० म्हणजे २२४, साइन्ड धरला तर -३२. ए४ म्हणजे १६४ किंवा -९२.

आता सगळ्यांची बेरीज करा. अनसाइन्ड धरून २२०१ येते, साइन्ड धरून -८७१. आमच्या पॅकेटमध्ये १६ बिटांचा चेकसम (पॅकेट नीट आलं का हे ताडायला बाइटांची बेरीज) होता. पीसीने -८७१ काढले, १६ बिटांत ते एफसी९९ झाले. बोर्डाने २२०१ काढले, म्हणजे ०८९९. जुळणार कसं?

गंमत पुढे आहे. दोन्हींचा खालचा बाइट ९९ च आहे. हा योगायोग नाही, साइनमुळे प्रत्येक बाइटमागे बरोबर २५६ चा फरक पडतो आणि खालच्या ८ बिटांत २५६ म्हणजे शून्य. आमच्या लॉगमध्ये चेकसमचा फक्त खालचा बाइट छापला जात होता. दोन्हीकडे ९९ दिसत होते आणि पोरगा दोन दिवस शपथेवर सांगत होता की चेकसम जुळतोय.

तपासणी: बाइट हेक्समध्ये छापल्यावर ई० ऐवजी सहा एफ आणि मग ई० दिसले, तर साइन्ड कॅर इंटमध्ये (मोठ्या पूर्णांकात) जाताना ताणला गेला आहे. हे ‘एफएफएफएफएफएफ’ दिसलं की शोध निम्मा झाला.

सावधान: ते एफ दिसायला नकोत म्हणून छापायच्या ओळीत मास्क लावू नका, म्हणजे वरचे बिट कापू नका. लॉग सुंदर होईल, पुरावा जाईल.

## टप्पा ३: आपल्या कोडमधल्या नेहमीच्या जागा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. सरसकट शोधून नुसता कॅर जिथे जिथे आकडा म्हणून वापरला आहे त्या ओळी काढा. अक्षर साठवायला आणि पुढे पाठवायला कॅर ठीक आहे. त्याच्यावर बेरीज, तुलना, शिफ्ट किंवा इंडेक्स आला की थांबायचं.

तुलना. “कॅर बरोबर २२४ आहे का” असा इफ साइन्ड यंत्रावर कधीच खरा होत नाही. कॅर आधी इंट होतो, -३२ होतो, आणि २२४ शी तुलना होते. ऑप्टिमायझर तो इफ आतल्या कोडसकट उडवून देतो. डीबगरमध्ये त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लागत नाही, आणि लोक म्हणतात, “बघा, कंपायलरने कोड खाल्ला!” खाल्ला खरा, पण त्याला ती परवानगी तुम्हीच दिली होती.

ॲरेचा इंडेक्स. अक्षरं मोजायला २५६ घरांचा तक्ता केला आणि इंडेक्सला कॅर दिला. -३२ व्या घरात लिहिलं जातं, म्हणजे तक्त्याच्या आधी मेमरीत जे काही असेल त्यावर. डीबग बिल्डमध्ये तिथे निरुपयोगी जागा असते, रिलीजमध्ये दुसरा व्हेरिएबल. “ओ० ला (ऑप्टिमायझेशन बंद) चालतं, ओ२ ला (ऑप्टिमायझेशन चालू) मरतं” या तक्रारींमागे हे वारंवार निघतं.

दोन बाइट जोडणं. वरचा बाइट ८ घरं सरकवायचा आणि खालचा ऑर करायचा. खालचा बाइट साइन्ड आणि ऋण असेल तर त्याच्या वरचे सगळे बिट १ होऊन येतात आणि वरच्या बाइटवर बोळा फिरवतात. यूटीएफ-१६ मध्ये देवनागरी अक्षरांचा खालचा बाइट ०० ते ७एफ मध्येच असतो, त्यामुळे मराठी मजकूर सुखरूप जातो. मग बिलात ₹ येतो. त्याचा कोड २०बी९. बी९ ऋण, ऑर केल्यावर उरतं एफएफबी९, आणि ते आहे एक कोरियन अक्षर. रुपयाच्या जागी कोरियन दिसलं तर फॉन्टवाल्याला फोन करू नका.

हाच ऑर २०११ मध्ये क्रिप्ट-ब्लोफिश या पासवर्ड हॅश करणाऱ्या कोडात सापडला. आस्कीबाहेरचं अक्षर आलं की त्याच्या आधीची अक्षरं हॅशमधून पुसली जात होती. तोच कोड पीएचपीतही होता, तिथे ५.३.७ मध्ये दुरुस्ती झाली.

फाइल वाचणं. गेट-कॅर इंट परत देतो. तो कॅरमध्ये साठवला की साइन्ड यंत्रावर एफएफ हा बाइट ‘फाइल संपली’ समजला जातो, आणि अनसाइन्ड यंत्रावर फाइल कधीच संपत नाही. यूटीएफ-८ मजकुरात एफएफ येतच नाही, त्यामुळे मराठी फाइलवर पीसीमध्ये सगळं आलबेल दिसतं. फोटो उघडला की अर्ध्यात तुटतो.

इज-अल्फा आणि त्याचं कुटुंब, म्हणजे अक्षर कोणत्या जातीचं हे सांगणारी फंक्शनं. त्यांना ० ते २५५ किंवा ईओएफ (‘फाइल संपली’ची खूण) एवढंच द्यायचं असतं. ग्लिबसीने, म्हणजे लिनक्सवरच्या सी लायब्ररीने, आपला तक्ता -१२८ पासून ठेवला आहे म्हणून लिनक्सवर चूक खपते. तोच कोड विंडोजच्या डीबग बिल्डमध्ये असर्शनवर आपटतो.

क्रम लावणं. स्टँडर्डमधला स्टर-कम्प बाइट अनसाइन्ड धरूनच तुलना करतो. स्वतः लिहिलेलं तुलनेचं फंक्शन नुसत्या कॅरवर असेल तर मिश्र यादीत देवनागरी नावं रोमनच्या आधी येतात, आणि बोर्डावर नंतर.

दुरुस्ती एकच: आकडा म्हणून वापरायच्या आधी अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करा. चेकसम आणि प्रोटोकॉलच्या बफरसाठी तर सुरुवातीपासूनच युइंट-८ (८ बिटी अनसाइन्ड प्रकार) वापरा.

सावधान: थेट अनसाइन्ड इंटमध्ये कास्ट करू नका. -३२ चे ४२९४९६७२६४ होतात. आधी अनसाइन्ड कॅर, मग हवं ते. ‘अनसाइन्ड’ शब्द दिसला म्हणून कोड रिव्ह्यूमध्ये हा कास्ट पास झालेला मी स्वतः बघितला आहे, आणि पास करणारा मीच होतो.

## टप्पा ४: वॉर्निंग आणि सॅनिटायझर

‘-डब्ल्यूऑल’ आणि ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ लावा. ॲरेला कॅर इंडेक्स दिल्याची वॉर्निंग पहिल्यात येते, कधीच खरी न होणाऱ्या तुलनेची दुसऱ्यात. ‘-डब्ल्यूकन्व्हर्जन’ वेगळा लावावा लागतो. तो जुन्या प्रोजेक्टवर शेकडो ओळी ओकेल, म्हणून फक्त संशयित फाइलवर चालवा. सी++ मध्ये ‘-डब्ल्यूसाइन-कन्व्हर्जन’ही हाताने द्यायला लागतो.

नंतर ‘-एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड’ आणि ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ हे सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारी तपासणी) लावून प्रोग्रॅम चालवा.

सावधान: अनडिफाइन्डवाला सॅनिटायझर गप्प राहिला म्हणजे कॅर निर्दोष ठरला असं नाही. -३२ हा इंटमध्ये -३२ च होणं पूर्ण कायदेशीर आहे, त्यात त्याला पकडण्यासारखं काही नाही. क्लँगमध्ये ‘-एफसॅनिटाइझ=इम्प्लिसिट-कन्व्हर्जन’ असा वेगळा पर्याय आहे, साइन बदलल्याचं तो सांगतो.

## टप्पा ५: एका वेळी एकच गोष्ट बदला

आता फ्लॅगना हात लावायला हरकत नाही. पण एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी पूर्ण क्लीन बिल्ड.

आधी ‘-एफसाइन्ड-कॅर’, मग ‘-एफअनसाइन्ड-कॅर’. उत्तर बदललं तर तुमचा कोड कॅरच्या साइनवर अवलंबून आहे. परत टप्पा ३. उत्तर बदललं नाही आणि चूक तशीच राहिली, तरच पुढे चला.

मग ‘-एफरॅपव्ही’ आणि ‘-एफनो-स्ट्रिक्ट-एलियासिंग’, जे ऑप्टिमायझरची काही गृहीतकं बंद करतात. यांनी फरक पडला तर तुमचा कोड बहुधा चुकीचा आहे, हे जीसीसीच्या बग कळवण्याच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. मग ओ०, ओ१, ओ२. शेवटी दुसरा कंपायलर, म्हणजे जीसीसी असेल तर क्लँग.

सावधान: ‘-एफअनसाइन्ड-कॅर’ने लक्षण गेलं म्हणून तो फ्लॅग मेकफाइलमध्ये टाकून घरी जाऊ नका. लिनक्स कर्नलने ६.२ पासून सगळीकडे कॅर अनसाइन्ड केला हे खरं, पण तिथे सगळा कोड एकत्रच बिल्ड होतो. तुमच्याकडे आधीच बिल्ड केलेल्या लायब्ररी असतात. ३२ बिटी एआरएमवर फंक्शनला कॅर देताना तो ३२ बिटांपर्यंत ताणून देणं हे बोलावणाऱ्याचं काम असतं. बोलावणारा अनसाइन्ड समजून शून्यं भरतो, आतलं फंक्शन साइन्ड समजून वाचतं, आणि २२४ आत जाऊन -३२ च्या तुलनेत नापास होतो. हे दिसायला शंभर टक्के कंपायलर बगसारखं दिसतं, आणि घडवलेलं असतं आपणच.

## टप्पा ६: असेम्ब्लीत पुरावा शोधा

इथवर पोचलात, वॉर्निंग नाहीत, सॅनिटायझर शांत, प्रकार स्पष्ट अनसाइन्ड कॅर लिहिलेला, आणि तरीही ओ२ ला उत्तर चुकतंय. मग खरोखर कंपायलरकडे बोट दाखवायची वेळ आली असू शकते.

संशयित फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे ते इनलाइन होणार नाही. इनपुट कमांड लाइनवरून किंवा व्होलाटाइल (ज्याची किंमत कंपायलरने गृहीत धरायची नाही अशा) व्हेरिएबलमधून द्या. नाहीतर कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवेल आणि तुम्ही भलताच रस्ता तपासाल. ‘-एस’ने असेम्ब्ली (चिपला दिलेल्या सूचनांची यादी) काढा. एआरएमवर अनसाइन्ड बाइट वाचायची सूचना एलडीआरबी, साइन्डची एलडीआरएसबी. इंटेलवर अनुक्रमे मूव्हझेडएक्स आणि मूव्हएसएक्स. अनसाइन्ड कॅर वाचताना एलडीआरएसबी दिसली तर कान टवकारा.

फक्त कान टवकारा, लगेच आरोळी ठोकू नका. पुढे फक्त खालचे ८ बिटच वापरले जाणार असतील तर कंपायलर कुठलीही सूचना निवडू शकतो, उत्तर तेच येतं. पुरावा म्हणजे चुकीने ताणलेला आकडा पुढे तुलनेत, भागाकारात किंवा ३२ बिटी बेरजेत वापरला गेलेला दाखवणं. रजिस्टर धरून ओळीओळीने खाली या, प्रत्येक ओळीपुढे पेनने आकडा लिहा. हे मी अजूनही कागदावरच करतो.

## टप्पा ७: कोड छोटा करा

हाताने निम्मा कोड काढा, बग राहिला का बघा, परत निम्मा काढा. वीस-पंचवीस ओळींवर आणा. सी-रिड्यूस किंवा सी-व्हाइज हे काम आपोआप करतात, त्यांना फक्त “अजून बग आहे का” हे सांगणारी एक स्क्रिप्ट द्यायची.

सावधान: त्या स्क्रिप्टमध्ये वॉर्निंग आणि सॅनिटायझरची तपासणी घालायलाच हवी. नाहीतर हे टूल कापत कापत कोडाला अशा जागी नेतं जिथे व्हेरिएबलला सुरुवातीची किंमतच नाही, आणि “ओ० आणि ओ२ वेगळे आले” म्हणून खुशाल हातात ठेवतं. असा बग कळवलात तर तो पाचव्या मिनिटाला बंद होतो.

## टप्पा ८: कळवा

कळवण्याआधी त्याच कंपायलरच्या ताज्या आवृत्तीवर बघा. कंपायलर एक्सप्लोररवर हे दोन मिनिटांत होतं. चिप बनवणाऱ्याने दिलेला कंपायलर बहुधा जुना असतो आणि बग मुळात कधीच सुधारलेला असतो. तसं असेल तर जीसीसीवाल्यांना लिहून उपयोग नाही, टूलचेन देणाऱ्याला लिहा.

ताज्या आवृत्तीतही असेल तर जीसीसीसाठी त्यांचं बगझिला, क्लँगसाठी एलएलव्हीएमचं गिटहब. सोबत ‘-व्ही’चं पूर्ण आउटपुट, पूर्ण कमांड लाइन आणि ‘-सेव्ह-टेम्प्स’ने मिळालेली प्रीप्रोसेस केलेली फाइल. ‘अपेक्षित २२४, मिळालं -३२’ एवढं एका ओळीत. स्क्रीनशॉट नको. कंपनीचा कोड आहे म्हणून साहेबांची परवानगी लागत असेल तर ती टप्पा ७ नंतर मागा. वीस ओळींना कुणी नाही म्हणत नाही, पूर्ण फर्मवेअरला म्हणतात.

## टप्पा ९: उत्तर येईपर्यंत

सगळ्या प्रोजेक्टला ओ० करू नका, बोर्ड रांगायला लागेल. फक्त त्या फंक्शनची वेगळी फाइल करून तिलाच ओ१ द्या, किंवा आकडा व्होलाटाइल अनसाइन्ड कॅरमधून एकदा फिरवा. शेजारी कॉमेंटमध्ये कंपायलरचं व्हर्जन आणि बगचा नंबर लिहा. नुसतं ‘हे काढू नका’ लिहिलेली कॉमेंट पुढचा माणूस पहिल्यांदा काढतो.

आणि बिल्डमध्ये एक टेस्ट कायमची टाका. इनपुट ‘ठाणे’ आणि ‘₹’. ‘ठाणे’चा चेकसम ०८९९ आला पाहिजे, रुपयाचा कोड २०बी९. ती पीसीवर आणि बोर्डावर दोन्हीकडे चालवा. आमच्याकडे ती त्या ऐरोलीच्या पोरानेच लिहिली, आणि लॉगमध्ये आता चेकसमचे दोन्ही बाइट छापले जातात.